घरच्या घरी काँक्रीटचं टेबल : मिश्रणात पाणी कमी, नंतर पाणी भरपूर

नवीन इमारतीचा स्लॅब टाकला की दुसऱ्या दिवशी त्यावर आळी करून पाणी साठवलेलं दिसतं. पुढचे कित्येक दिवस कोणीतरी पाइप घेऊन भिंतींवर आणि खांबांवर पाणी मारत असतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, काँक्रीट तर वाळायला हवं, मग हे लोक ते पुन्हा भिजवतात कशाला?

घरच्या घरी काँक्रीटचं टेबल करायचं असेल तर आधी या प्रश्नाचं उत्तर हवं. अशी टेबलं बनवण्याचे छोटे व्हिडिओ सध्या भरपूर दिसतात. साचा, त्यात ओतलेला करडा गारा, पुढच्या दृश्यात चकचकीत टेबल. मधले अठ्ठावीस दिवस व्हिडिओत नसतात. टेबलाला तडा जाणार की ते वीस वर्षं टिकणार, हे मात्र त्याच दिवसांत ठरतं.

काँक्रीट वाळत नाही, पिकतं

सिमेंट म्हणजे डिंकासारखा पाणी उडालं की घट्ट होणारा पदार्थ नव्हे. सिमेंटचे कण पाण्याशी रासायनिक क्रिया करतात. त्यातून सूक्ष्म स्फटिकांचं आणि जेलीसारख्या पदार्थाचं जाळं तयार होतं आणि ते वाळू-खडीला धरून ठेवतं. म्हणून काँक्रीट पाण्याखालीही घट्ट होतं. क्रिया पूर्ण होण्याआधी पाणी उडून गेलं तर ती अर्धवट राहते. वरून दगडासारखा दिसणारा थर मग नखाने खरवडला तरी पावडर सोडतो.

या क्रियेला पाणी लागतं ते थोडं, सिमेंटच्या वजनाच्या साधारण ४० टक्के. गारा हाताने कालवताना तो सैल व्हावा म्हणून बहुतेक जण त्याहून जास्त पाणी घालतात. जास्तीचं पाणी क्रियेत भाग घेत नाही. ते नंतर उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवतं. टेबलाच्या एका फळीत तीन लिटर पाणी जास्त पडलं, तर त्या फळीत तीन लिटरची पोकळी विखुरलेली राहते. ताकद तिथे कमी होते आणि चहाचे डागही तिथूनच आत शिरतात.

या कामाचा नियम असा : मिश्रणात पाणी कमी आणि घट्ट झाल्यावर पाणी भरपूर. घाईत काम करणारे नेमकं उलटं करतात.

टेबल किती जड होईल?

१२० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद आणि ४ सेंमी जाड फळी धरू. तिचं घनफळ होतं २८.८ लिटर. काँक्रीटचं वजन लिटरला साधारण २.४ किलो असतं, म्हणजे फळी भरेल सुमारे ७० किलो. खालची लोखंडी चौकट आणि वरचा संगणक धरून एकूण वजन १०० किलोच्या आसपास जातं.

घराचा स्लॅब हे वजन पेलेल का? राहत्या खोल्यांसाठी भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो भार धरलेला आहे. हे टेबल पाऊण चौरस मीटरपेक्षा थोडी कमी जागा व्यापतं आणि तेवढ्या जागेवर १०० किलो भार टाकतं. चांगल्या अवस्थेतल्या आरसीसी इमारतीत एक टेबल ठेवायला हरकत नसते. जुना वाडा, लाकडी तुळयांची चाळ, गळका किंवा लोखंड उघडं पडलेला स्लॅब असेल, तर आधी इंजिनिअरला विचारलेलं बरं.

वजन कमी करायचं तर फळी पातळ करावी लागते. २ सेंमी जाडीच्या फळीचं वजन निम्मं, म्हणजे ३५ किलो होतं. पण त्यासाठी काचतंतू घातलेलं काँक्रीट लागतं. साधे काचतंतू सिमेंटच्या क्षारात झिजतात, म्हणून झिर्कोनिया असलेले क्षाररोधक तंतूच घ्यावे लागतात. पहिल्यांदा करणाऱ्याला ४ सेंमी जाडी आणि लोखंडी जाळी हा मार्ग सोपा जातो.

जाळी कुठे ठेवायची?

काँक्रीट दाब उत्तम सहन करतं, ताण मात्र नाही. ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या सुमारे एक दशांशच असते. दोन्ही टोकांना आधार असलेल्या फळीवर मध्ये वजन ठेवलं की वरचा पृष्ठभाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. तडा खालून सुरू होतो. त्यामुळे जाळी फळीच्या खालच्या बाजूला हवी.

सिमेंटमध्ये लोखंडी जाळी घालण्याची ही युक्ती घरगुती वस्तूंपासूनच पसरली. झोसेफ मोनिए या फ्रेंच बागकाम करणाऱ्याने झाडांच्या कुंड्या फुटू नयेत म्हणून सिमेंटमध्ये तारेची जाळी घातली आणि १८६७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पूल आणि इमारती पुढे आल्या.

टेबलात एक फसगत होते. फळी साच्यात उलटी ओतली जाते. साच्याच्या तळाला टेकलेली बाजू नंतर टेबलाची वरची, दिसणारी बाजू होते, कारण तिथेच गुळगुळीतपणा मिळतो. म्हणजे ओतताना जाळी साच्याच्या तळाशी नव्हे, वरच्या थरात हवी. ओतलेल्या काँक्रीटच्या पृष्ठभागापासून साधारण दीड सेंमी खाली ती असावी. तळाशी ठेवलेल्या जाळीचे दोन तोटे होतात. ताण पडतो तिथे ती नसते आणि टेबलाच्या वरच्या बाजूला तिच्या चौकड्यांची सावली उमटते.

३ मिमी तारेची, ५० मिमी चौकड्यांची वेल्डमेश या कामाला पुरते. ती चारही कडांपासून अडीच सेंमी आत राहील अशी कापायची. साच्यावर आडव्या पट्ट्या टाकून त्यांना बांधकामाच्या काळ्या तारेने ती टांगायची. ओतून झाल्यावर पट्ट्या काढायच्या आणि काँक्रीट घट्ट झालं की तारांची टोकं कापायची. ही बाजू टेबलाखाली जाणार असल्याने खुणा दिसत नाहीत.

साचा

१८ मिमीचा गुळगुळीत फिल्म-फेस किंवा लॅमिनेट लावलेला प्लाय तळाला आणि बाजूंना घ्यायचा. प्लायवर ओरखडा असेल तर तो टेबलावर उमटतो. बाजूच्या पट्ट्या खिळ्यांऐवजी स्क्रूने जोडल्या की साचा उघडताना हातोडा मारावा लागत नाही. चारही कोपऱ्यांत आणि तळाच्या कडेने सिलिकॉन सीलंटची बारीक रेघ ओढून बोटाने गोल करायची. त्यामुळे पाणी गळत नाही आणि टेबलाची कड गोलसर येते. धारदार कड पहिल्या धक्क्यालाच फुटते.

वायरसाठी भोक हवं असेल तर ते आधीच ठरवायचं. साधारण ६० मिमी व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा ४ सेंमी तुकडा तळाला सिलिकॉनने चिकटवला की काम होतं. पाइपला बाहेरून टेप गुंडाळली तर तो नंतर सहज निघतो.

साचा स्पिरिट लेव्हलने दोन्ही दिशांनी समतल करायचा. जागा सावलीतली आणि आठवडाभर कोणी हलवणार नाही अशी हवी. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवर ओतलेली फळी झाकायच्या आधीच वरून सुकू लागते आणि तिच्यावर बारीक तडे येतात.

मिश्रणाचं प्रमाण

वरच्या मापाच्या फळीसाठी, थोडा वाया जाणारा माल धरून, वजनाने असं प्रमाण बसतं :

• सिमेंट : १६ किलो
• धुतलेली, चाळलेली वाळू किंवा क्रश सँड : २८ किलो
• ६ ते १० मिमीची बारीक खडी किंवा चिप्स : २८ किलो
• पाणी : साडेसहा ते पावणेसात लिटर
• प्लास्टिसायझर : डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात

प्लास्टिसायझर हे पाणी न वाढवता गारा सैल करणारं द्रव बांधकाम साहित्याच्या दुकानात मिळतं. गारा घट्ट वाटला की हात पाण्याच्या बादलीकडे जातो, तिथे हे द्रव कामाला येतं.

वाळूतलं पाणीही मोजावं लागतं. पावसाळ्यात किंवा नुकत्या धुतलेल्या वाळूत वजनाच्या ५ टक्के पाणी सहज असतं. २८ किलो वाळूत ते जवळपास दीड लिटर, म्हणजे एकूण पाण्याच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त झालं. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. एक किलो वाळू जुन्या तव्यावर पूर्ण सुकेपर्यंत परतायची आणि पुन्हा वजन करायचं. ९५० ग्रॅम भरली तर किलोमागे ५० ग्रॅम पाणी आहे. त्या हिशेबाने पाणी तेवढं कमी आणि वाळू तेवढी जास्त घ्यायची.

सिमेंटच्या गोणीवर उत्पादनाचा आठवडा छापलेला असतो. तीन महिन्यांपेक्षा जुनं आणि गाठी झालेलं सिमेंट या कामाला वापरू नये.

सजावट कशाने येते?

एक मार्ग रंगाचा. लोहाच्या ऑक्साइडपासून केलेले लाल, पिवळे, काळे, तपकिरी रंग सिमेंटमध्ये टिकतात. जुन्या घरांतल्या लाल कोब्याच्या जमिनी याच जातीच्या रंगाच्या. रंग सिमेंटच्या वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत ठेवायचा, म्हणजे १६ किलोला जास्तीत जास्त ८०० ग्रॅम. उजळ छटा हव्या असतील तर पांढरं सिमेंट घ्यावं लागतं. करड्या सिमेंटमध्ये पिवळा रंग मातकट होतो.

दुसरा मार्ग मोझॅकचा. मुंबई-पुण्यातल्या अनेक जुन्या घरांत मोझॅकच्या लाद्या अजून आहेत. मुंबईत १९२२ मध्ये सुरू झालेली भारत फ्लोअरिंग्ज ही कंपनी सिमेंटच्या सजावटीच्या लाद्यांसाठी ओळखली जाते. मोझॅकचं तत्त्व सोपं आहे : सिमेंटमध्ये रंगीत दगडाच्या चिप्स घालायच्या आणि पृष्ठभाग घासून त्या उघड्या करायच्या. टेबलासाठी नेहमीच्या खडीऐवजी संगमरवराच्या चिप्स घेता येतात. महाराष्ट्रात मिळणारी खडी बहुतेक काळ्या बेसॉल्टची असते. पांढऱ्या सिमेंटमध्ये तीही सुंदर दिसते, पण संगमरवरापेक्षा ती घासायला जास्त वेळ लागतो.

तिसरा मार्ग काहीच न करण्याचा. साच्याचा गुळगुळीतपणा जसाच्या तसा ठेवायचा. पहिल्या टेबलाला हाच बरा.

कोणताही मार्ग घेतला तरी आधी ३० × ३० सेंमीची नमुना लादी करावी. ओला रंग गडद दिसतो, वाळल्यावर फिका पडतो. सीलर लावल्यावर पुन्हा बदलतो. हे कळण्यासाठी ७० किलोची फळी वाया घालवायची गरज नाही.

ओतण्याचा दिवस

सिमेंट, वाळू, चिप्स आणि रंग आधी कोरडेच एकजीव करायचे, मग पाणी थोडं थोडं घालायचं. सगळा माल एका वेळी कालवणं घमेल्यात जमत नाही. दोन किंवा तीन समान भाग करून प्रत्येकाचं सिमेंट, पाणी आणि रंग काट्यावर मोजायचे. अंदाजाने केलेल्या दोन घाण्यांचा रंग कधीच सारखा येत नाही. पहिला भाग ओतल्यापासून शेवटचा भाग अर्ध्या तासात पडायला हवा, नाहीतर दोन थरांमध्ये सांधा राहतो.

पहिला थर हाताने, हातमोजे घालून, कोपऱ्यांत आणि कडांना दाबून बसवायचा. निम्मा साचा भरला की बाजूंना रबरी हातोड्याने ठोकत राहायचं. पृष्ठभागावर बुडबुडे येणं थांबेपर्यंत हे चालू ठेवायचं. इथे कंटाळा केला तर साचा उघडल्यावर कडेला मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात. मग बाकीचा साचा जाळीच्या चौकड्यांतून भरायचा, पुन्हा ठोकायचं, सरळ ॲल्युमिनियमच्या पट्टीने जास्तीचा माल ओढून काढायचा आणि थापीने सारखं करायचं.

भांडी आणि घमेली धुतलेलं पाणी बेसिनमध्ये किंवा मोरीत ओतायचं नाही. त्यातलं सिमेंट पाइपात जाऊन घट्ट होतं. बादलीत गाळ बसू द्यायचा आणि घट्ट झाल्यावर फेकायचा.

अठ्ठावीस दिवसांचं वेळापत्रक

पहिला दिवस : ओतल्यावर लगेच प्लास्टिकचा कागद टाकून झाकायचं.

दुसरा ते सातवा दिवस : वर ओलं गोणपाट, त्यावर प्लास्टिक. रोज उघडून पाहायचं आणि सुकत असेल तर पाणी मारायचं. ही खालची बाजू असल्याने गोणपाटाचा डाग पडला तरी चालतो. तिसऱ्या दिवशी बाजूच्या पट्ट्या काढता येतात, पण फळी हलवायची नाही.

सातव्या दिवसानंतर : फळी उलटायची. आयएस ४५६ या मानकाप्रमाणे साध्या पोर्टलंड सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि राख मिसळलेल्या पीपीसीसारख्या सिमेंटला किमान १० दिवस ओलावा द्यावा लागतो. गोणीवर पीपीसी लिहिलेलं असेल तर उलटायलाही दहा दिवस थांबावं. हवा उष्ण आणि कोरडी असेल तर कोणत्याही सिमेंटला १० दिवसांपेक्षा कमी ओलावा देऊ नये. पीपीसीला अशा वेळी १४ दिवस बरे.

त्यानंतर अठ्ठावीसपर्यंत : फळी दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवायची, म्हणजे वरून-खालून सारखी हवा लागते. जमिनीवर सपाट ठेवलेली फळी एकाच बाजूने सुकते आणि तिच्या कडा वर उचलल्या जातात. घासकाम याच काळात करायचं.

अठ्ठाविसाव्या दिवशी : सीलर. सिमेंटची छापील ताकदही २८ दिवसांचीच असते. गोणीवरचं ५३ ग्रेड म्हणजे ठरावीक चाचणीत २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला ५३ न्यूटन.

उलटताना आणि उचलताना

बहुतेक फळ्या ओतताना बिघडत नाहीत, उचलताना मोडतात. कडप्प्याची किंवा शहाबादी फरशी वाहून नेणारे कामगार ती कधीच आडवी धरत नाहीत, उभी धरतात. कारण तेच आहे. आडवी धरलेली फळी स्वतःच्या वजनाने मध्ये वाकते. टेबलाची फळीही आधी लांब कडेवर उभी करायची, कडेखाली थर्माकोल किंवा जुनी सतरंजी ठेवायची, उभीच चौकटीपर्यंत न्यायची आणि मग हळूच झुकवायची. चार माणसं हवीत आणि पायांत बंद बूट हवेत. ७० किलोची कड चपलेवर पडली तर बोटं वाचत नाहीत.

चौकट फॅब्रिकेटरकडून चौकोनी लोखंडी पाइपची करून घ्यावी. नुसते चार पाय पुरत नाहीत. फळीच्या चारही कडांच्या आतून फिरणारी चौकट आणि मध्ये एक आडवा पाइप हवा. फळी स्क्रूने आवळायची नाही. रबराचे तुकडे ठेवून त्यांच्या मधे सिलिकॉनचे ठिपके दिले की ती जागेवर बसते. चौकट जरा वाकडी असली तरी रबर ते सांभाळतं, स्क्रू मात्र फळीला तडा पाडतो.

धूळ आणि क्षार

ओला गारा तीव्र क्षारधर्मी असतो. मोज्यात किंवा गुडघ्याखाली तासभर राहिला तर कातडी भाजते आणि सुरुवातीला दुखतही नाही. रबरी हातमोजे, गॉगल आणि पूर्ण पँट हवी. डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुऊन थेट डॉक्टरांकडे जायचं.

घासताना उडणारी धूळ जास्त धोकादायक. वाळूतली स्फटिकी सिलिका श्वासातून फुप्फुसात साठते आणि सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये या धुळीला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. रुमाल बांधून ही धूळ थांबत नाही. एन-९५ मास्क लावायचा आणि घासकाम नेहमी ओलंच करायचं. पाणी आणि वीज एकत्र येतात, म्हणून पाण्याने चालणारं पॉलिशर वापरायचं आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच त्या लाइनवर आहे ना, ते पाहायचं.

डायमंड पॅड ५० नंबरपासून सुरू करून १००, २००, ४००, ८०० असे चढत जातात. मधे दिसणारी बारीक भोकं त्याच सिमेंट-रंगाच्या पातळ गाऱ्याने बुजवायची, दोन दिवस ओली ठेवायची आणि पुन्हा घासायचं.

लिंबू, चहा आणि सीलर

काँक्रीट कितीही चांगलं झालं तरी त्याला छिद्रं असतात. लिंबू, व्हिनेगर, चिंच यांतलं आम्ल सिमेंट आणि संगमरवर दोन्ही खातं. तिथे पडलेला फिका डाग पुसून जात नाही. आत मुरणारा सीलर मूळ रूप तसंच ठेवतो आणि पाणी अडवतो, पण आम्लापुढे फारसा टिकत नाही. वर पापुद्रा धरणारा पॉलियुरेथेनचा सीलर डाग चांगले थोपवतो, मात्र त्यावर ओरखडे दिसतात. लिहिण्या-वाचण्याच्या टेबलाला मॅट पॉलियुरेथेन सोयीचं पडतं. ओल असताना सीलर लावला तर तो ढगाळतो किंवा पोपडे धरतो, म्हणून अठ्ठावीस दिवसांची वाट.

केसासारखी एखादी रेघ पुढे दिसली तर घाबरायचं कारण नाही. काँक्रीट सुकताना थोडं आकसतंच. नख अडकेल एवढी, दर महिन्याला वाढणारी आणि खालच्या बाजूनेही दिसणारी रेघ असेल, तर मात्र टेबल वापरणं थांबवून चौकटीचा आधार तपासावा.

ओतायला एक सकाळ पुरते. टेबल तयार होतं ते त्यानंतर रोज गोणपाट उघडून पाणी मारणाऱ्याच्या हातून.